गिरणीच्या शेडमध्ये दुकान थाटताना : आधी पाणी, मग वजन, मग आग

टेकू

मुंबईत गिरण्यांच्या उरल्यासुरल्या इमारतींमध्ये दुकाने, हॉटेले, कार्यालये थाटणे आता नवे राहिलेले नाही. फिनिक्स, कमला, तोडी, मथुरादास, रघुवंशी ही नावे आजच्या पोरांना कापडामुळे माहीत नाहीत. या विषयावर मराठीत जे येते ते एकतर हळहळ असते, नाहीतर 'उघड्या विटांच्या भिंती किती छान'. शेडमध्ये प्रत्यक्ष काम काय निघते, याची नोंद एका जागी व्हावी म्हणून हा चर्चेचा धागा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.

नमुना म्हणून साचेखात्याची (साचे म्हणजे कापड विणायचे माग) एकमजली शेड धरू. साचे जड आणि हादरे देणारे, म्हणून ते जमिनीवरच. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे. प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, उत्तरेकडे तोंड केलेली. उतरत्या बाजूवर मंगळुरी कौले किंवा नंतर टाकलेले सिमेंटचे पत्रे. दोन दात्यांच्या खोबणीत पन्हळ, तिच्याखाली बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पोकळ खांबांची रांग, भोवती चुन्यात बांधलेली भिंत. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत. लाकूड आणि लोखंड कित्येक वर्षे त्या वाफेत राहिले आहे, हे तपासणीला निघताना लक्षात असू द्या.

सुरुवात आराखड्यापासून करू नका. एक अख्खा पावसाळा शेड नुसती बघा. प्रत्येक खांबाला क्रमांक द्या (अक्षर आणि आकडा, उदा. क-७), जोरदार सरीत आत फिरून ओल कुठे उतरते ते त्या क्रमांकांवर टिपा. प्रत्येक खांब ओळंब्यात आहे का ते दोन दिशांनी मोजा. निदान दोन ठिकाणी, एक मधल्या आणि एक कडेच्या खांबापाशी, पायाच्या तळापर्यंत खड्डा घेऊन पाया बघा. गिरणगावाचा बराच भाग भरणीचा आहे आणि पाणी लवकर लागते, म्हणून कडेच्या खांबाचा पाया मधल्यासारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाने तीस वर्षांवरच्या इमारतीला संरचना तपासणी लागतेच. ती आणि ही पाहणी एक नव्हे. ती दाखल्यासाठी असते.

पन्हळ

चांगला धागा. पाण्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे बिघाड तिथूनच निघतात.

दोन दात्यांमधल्या पन्हळीला पळवाट नसते. साध्या उतरत्या छपराची पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर सांडते, इथे ते थेट आत येते. हिशेब असा. दात्याची रुंदी ६ मीटर आणि एका निचऱ्याच्या वाट्याला २० मीटर लांबी आली, तर पाणलोट १२० चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर वेगाचा पाऊस धरला तर सेकंदाला ३.३ लिटर, १५० धरला तर ५ लिटर. आता १०० मिलिमीटर व्यासाचे तोंड. पन्हळीत ३० मिलिमीटर पाणी उभे असेल तर त्यातून जेमतेम २.२ लिटर उतरते. ५० मिलिमीटर उभे राहिले तर ४.७. म्हणजे नळी लहान नसते, तिच्या तोंडावर पुरेसे पाणी उभे राहायला पन्हळ उथळ असते. लोक नळी बदलून १५० ची बसवतात, तोंड तेच ठेवतात आणि मग गळती चालूच कशी म्हणून विचारतात.

उपाय तीन, आणि तिन्ही करा. निचऱ्याच्या तोंडाशी ३०० × ३०० × १५० मिलिमीटरचा खोलगट डबा बसवा, म्हणजे तोंडावर पाणी आपोआप उभे राहते. पन्हळीच्या दोन्ही टोकांना, भिंतीतून बाहेर, काठापेक्षा ४० मिलिमीटर खाली सांडवा काढा. तुंबली तर पाणी रस्त्यावर दिसले पाहिजे, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही. आणि पन्हळीत माणसाला चालता येईल एवढी, निदान ३०० मिलिमीटर, सपाट रुंदी ठेवा. जी पन्हळ साफ करायला कौलांवरून चढावे लागते ती साफ होत नाही.

शहराच्या गटारांची जुनी क्षमता तासाला २५ मिलिमीटरची होती, नव्या आराखड्यात ती ५० धरली. तो आकडा छपराला लावू नका. गटारात उशिरा पोहोचलेले पाणी चालते, पन्हळीत थांबलेले चालत नाही.

भाबडा

एक शंका. पन्हळीतले पाणी खाली जाते कुठून? बऱ्याच शेडमध्ये नळ्याच दिसत नाहीत.

बीडकाम

खांबातून. पोकळ बिडाचा खांब हीच पन्हळीची नळी. शेडच्या मध्यभागी भिंत नसते, मग पाणी आणखी कुठून उतरवणार? खांबाच्या बुडाशी वळण, तिथून फरशीखालच्या गटारात. रंग-पॉलिश करून खांब मिरवणारे बहुतेकजण या गटाराचे तोंड नव्या फरशीखाली गाडून टाकतात. मग खांबात पाण्याचा स्तंभ उभा राहतो, तो आतून गंजतो आणि जोडातून ओल येते. ओल दिसली की दोष कौलांवर ढकलतात.

पाणी खांबातून काढून घ्या. शेजारी ११० मिलिमीटरची वेगळी नळी उतरवा, खांबाचे वरचे तोंड बंद करा आणि बुडाशी १० मिलिमीटरचे एक भोक ठेवा, आत जमणारा दव निथळायला. नळी दिसते म्हणून वास्तुरचनाकार कुरकुरतात. कुरकुरू द्या.

बिडाबद्दल थोडे सविस्तर, कारण चुका इथेच होतात.

बीड दाबाला दणकट, ताणाला आणि वाकण्याला कमजोर. स्टील आधी वाकून सूचना देते, बीड न सांगता तडकते. त्यात जुने खांब साच्यात आडवे ओतलेले असत. मधला गाभा वितळलेल्या लोखंडात तरंगून थोडा वर सरके. परिणाम असा की बाहेरून १५० मिलिमीटर आणि सगळीकडे २० जाडीचा वाटणारा खांब एका बाजूला २८ आणि समोरच्या बाजूला १२ मिलिमीटर निघतो. क्षेत्रफळ तेवढेच, साधारण ८,१७० चौरस मिलिमीटर, पण भार मध्यातून जात नाही आणि खांबाला वाकवू पाहतो. म्हणून जाडी एकाच जागी मोजून उपयोग नाही. एका पातळीवर तीन बाजूंना, १२० अंशांवर, आणि अशा तीन पातळ्यांवर अल्ट्रासॉनिक मापक लावा. ज्या खांबाचा आकडा चमत्कारिक येईल तिथे ६ मिलिमीटरचे भोक पाडून खात्री करा आणि बूच लावा.

वेल्डिंग अजिबात नाही. दिव्यासाठी छोटा ब्रॅकेट असला तरी नाही. वेल्डलगतचा भाग थंड होताना ठिसूळ होतो आणि चीर तिथून पळते. जे काही लटकवायचे ते दोन भागांच्या पट्ट्याने, आत ३ मिलिमीटर रबर घालून, बोल्टने आवळून. जुनी चीर असेल तर धातूचे टाके घालून शिवण्याची पद्धत आहे, थंड काम, त्याला आगीची गरज नाही.

जुन्या रंगात शिसे असते. कोरडे घासू नका, वाळूचा फवारा तर नकोच. ओले करून खरवडा, खाली ताडपत्री, तोंडावर योग्य गाळणीचा मुखवटा, कचरा वेगळा.

पोटमाळा

दुकानदाराला पहिल्याच भेटीत वर एक माळा हवा असतो. उंची ६ मीटर दिसते, भाडे चौरस फुटाचे, हिशेब सरळ. तर :

असा माळा (मेझनीन) चटई क्षेत्रात मोजला जातो. 'तात्पुरता आहे, बोल्टने उभा केला आहे' हे उत्तर चालत नाही.

भार धरताना किरकोळ दुकानाला चौरस मीटरला ४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ४०० किलो. जिथे माणसे उभी राहून गर्दी करतात, बांधलेल्या खुर्च्या नाहीत, तिथे ५. त्यावर स्लॅबचे स्वतःचे वजन आले. हे सगळे जुन्या बिडाच्या खांबांवर टाकायचे नाही. माळ्याला स्वतःचे स्टीलचे खांब, स्वतःचा पाया, आणि जुन्या खांबापासून निदान ५० मिलिमीटर फट. भूकंपात (मुंबई तिसऱ्या क्षेत्रात येते) नवी स्टीलची चौकट हलते तेवढी जुनी शेड हलत नाही. फट नसेल तर माळा खांबाला आडवा धक्का देतो, आणि आडवा धक्का बिडाला सर्वात नावडता.

नवा पाया जुन्या पायापेक्षा खोल नेऊ नका. नाइलाज असेल तर जुन्या पायाच्या कडेपासून ४५ अंशांची रेषा खाली सोडून तिच्या बाहेर राहा.

अर्धवटराव

पण ज्या जमिनीने साच्यांचे वजन आणि हादरे पन्नास-पन्नास वर्षे पेलले, तिला चार टेबलांचे काय? उगाच घाबरवताय असे वाटते.

टेकू

अर्धवटराव, एकमजली शेडपुरते तुमचे अर्धे बरोबर आहे. साचे जमिनीवर होते, त्यांचे वजन खांबांनी कधी पेललेच नाही. खांब फक्त छप्पर पेलत होते. म्हणूनच माळा खांबांवर टाकायचा नाही.

कताईखात्याच्या बहुमजली इमारतीत मजल्यांनी यंत्रे पेलली हे खरे. तिथेही यंत्राचे वजन ठरलेल्या जागी, पायांखाली, बहुधा तुळईच्या रांगेत येत होते. दुकानाचे गोदाम कुठेही थप्प्या लावते. शिवाय मधल्या काळात त्या मजल्यावर किती भोके पडली, किती ठिकाणी यंत्रे फिरवणाऱ्या पट्ट्यांसाठी स्लॅब कापला, हे बघितल्याशिवाय 'पूर्वी पेलले होते' याला अर्थ नाही.

कमानवाला

बहुमजली इमारतीचा विषय निघालाच आहे तर जॅक आर्चबद्दल.

दोन लोखंडी जॉइस्टमध्ये (आडव्या तुळयांमध्ये) सव्वा मीटरच्या आसपास अंतर, मध्ये विटांची चपटी कमान, वर चुन्याच्या काँक्रीटची भर, मग फरशी. प्रत्येक कमान शेजारच्या कमानीला ढकलत असते, ढकलाढकल बरोबरीची असते म्हणून मजला उभा. शेवटच्या गाळ्यात (दोन जॉइस्टमधल्या पट्ट्यात) ढकलायला कोणी नसते, तिथे जॉइस्टना बांधणाऱ्या लोखंडी सळया असतात. खालून पाहताना या सळया आडव्या येतात, दिवे लावायला अडचण करतात, म्हणून सजावटीवाले त्या कापतात. कापल्यावर लगेच काही होत नाही. काही महिन्यांनी कमानीच्या माथ्यावर जॉइस्टला समांतर चीर दिसते, तेव्हा भोवतालच्या जॉइस्ट काही मिलिमीटर सरकलेल्या असतात.

लिफ्ट किंवा जिन्यासाठी एक गाळा उघडायचा असेल तर क्रम बदलू नका. आधी दोन्ही बाजूंच्या निदान दोन-दोन गाळ्यांना खालून टेकू. मग उघडायच्या जागेच्या दोन्ही टोकांना नव्या आडव्या तुळया आणि शेजारच्या जॉइस्टना नव्या सळया, आवळून. मग भर काढा, वरून, दोन्ही बाजूंनी सारखी. विटा सर्वात शेवटी, माथ्यापासून. ब्रेकर वापरायचा नाही, छिन्नी-हातोडा किंवा हिऱ्याची करवत.

जॉइस्टचे लोखंड कधी घडीव निघते, कधी सुरुवातीच्या काळातले स्टील. त्यात गंधक आणि फॉस्फरस जास्त असू शकते. छोटा तुकडा कापून रासायनिक चाचणी झाल्याशिवाय वेल्डिंग नको. बोल्ट आणि चिमटे वापरा.

जॉइस्टचा खालचा पाख (पसरट कड) फुगून विटांचा गिलावा पडत असेल तर तो गंज आहे. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. वरून गिलावा करून झाकू नका. फरशी काढून वरची ओल बंद करा, ती बहुधा जुन्या मोरीची किंवा शौचालयाची असते.

चुनखडी

भिंतीबद्दल कोणी काही बोलले नाही म्हणून.

चुन्यातल्या भिंतीला सिमेंटचा दर्जा (विटांमधल्या सांध्यांची बाहेरची भर) भरू नका. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि पाण्याला बंद. भिंतीतली ओल मग दर्जातून न निघता विटेतून निघते, बरोबर मीठ आणते आणि विटेचा पुढचा पापुद्रा उडतो. समुद्राच्या हवेत हे तीन-चार पावसाळ्यांत दिसते. दर्जा जागच्या जागी शाबूत, वीट मात्र खड्ड्यात गेलेली, असे दृश्य दिसले की ओळखा.

करायचे असे. जुना दर्जा रुंदीच्या दुप्पट खोल, साधारण २० ते २५ मिलिमीटर, हाताने काढा. ग्राइंडर चालवला तर विटेच्या कडा जातात. सांधा ब्रशने आणि पाण्याने धुवा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटेची पूड), दोन भाग धारदार वाळू. चुना विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा. सुरखी कमी भाजलेल्या विटेची. आजकालच्या जास्त भाजलेल्या विटांची पूड नुसती लाल दिसते, चुन्याशी धरत नाही. घाणीत दळून घेतलेला चुना मिळाला तर उत्तम, नाहीतर मिक्सरमध्ये कमी पाण्यात वीस मिनिटे. भरल्यावर ओली गोणपाटे दहा दिवस. चुना वाळवायचा नसतो, धरू द्यायचा असतो.

'उघडी वीट' हवी म्हणून आतला चुन्याचा गिलावा सरसकट फोडतात. पुष्कळ ठिकाणी ती वीट दाखवायची नव्हतीच, आतले विटकाम भरड असते. गिलावा काढल्यावर वर चकचकीत सीलर मारतात, तो म्हणजे सिमेंटचाच पातळ भाऊ. फारच हवे तर एक भिंत निवडा, कोरडी, पावसाच्या बाजूची नसलेली.

पन्हळ

चुनखडींना अनुमोदन. मुंबईत नैऋत्येकडची भिंत तर मुळीच उघडी करू नका.

कैची

छपराच्या वजनाचा एक उलटा मुद्दा. मंगळुरी कौले रिपांसकट चौरस मीटरला साधारण ६५ किलो. त्यांच्या जागी आलेले सिमेंटचे पत्रे साधारण १६ किलो, आणि आता येणारे धातूचे रंगीत पत्रे त्याहून हलके. लोकांना वाटते वजन कमी झाले, बरे झाले. पण कौलांचे वजनच छपराला जागेवर धरून होते. मुंबईत रचनेसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. हलका पत्रा वाऱ्याने वर ओढला जातो, पत्र्याबरोबर कैचीही (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा). जुन्या कैच्या भिंतीतल्या दगडी बैठकीवर नुसत्या टेकलेल्या असतात, खाली बांधलेल्या नसतात. पत्रा बदलायचाच असेल तर प्रत्येक कैचीच्या बुडाला १६ मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, भिंतीत निदान ६०० मिलिमीटर खाली नेऊन, चुन्याच्या ग्राउटमध्ये. किंवा कौलेच परत घाला. दिसायला बरी, आवाजाला बरी, आणि पावसात पत्र्याखाली बोलणे ऐकू येत नाही हा त्रास टळतो.

सागवानी कैची सहसा मधे बिघडत नाही. भिंतीत शिरलेले टोक बिघडते. तिथे हवा नसते, ओल असते. टोकाशी हातोडीने वाजवून बघा, बद्द आवाज आला तर बारीक ड्रिलने प्रतिकार मोजणारे यंत्र मागवा. ओल २० टक्क्यांवर असेल तर बुरशी चालू आहे असे समजा. कुजलेला भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरकस सांध्याने जोडा, मध्ये स्टीलची पट्टी, बोल्ट आरपार. नवे टोक भिंतीत परत गाडू नका, तिन्ही बाजूंनी २५ मिलिमीटर हवा ठेवा.

सिमेंटचे जुने पत्रे बहुतेक ॲस्बेस्टॉसचे. फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, वरून खाली फेकायचे तर नाहीतच. ओले करा, बोल्ट कापा, अख्खा पत्रा उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

भाबडा

उत्तरेच्या काचेतून ऊन येत नाही म्हणतात, मग उन्हाळ्यात या शेड तापतात कशा?

कैची

दोन कारणे. पहिले म्हणजे कौलाखाली काहीच नसते, तापलेले कौल थेट खाली उष्णता टाकते. वाशांखाली नव्हे, वाशांच्या वर आणि रिपांच्या खाली ५० मिलिमीटरचा उष्णतारोधक थर आणि त्यावर पाणी सरकवणारा पडदा घातला की फरक पडतो, आणि खालून वासे, कैच्या पूर्वीसारख्याच दिसतात.

दुसरे कारण मजेदार आहे. नॉर्थ लाइटची (उत्तरेकडच्या काचेची) कल्पना इंग्लंडमधल्या लँकेशायरची. तिथे सूर्य दुपारी कायम दक्षिणेला. मुंबई १९ अंशांवर, इथे शून्य सावलीचे दिवस दोन येतात, मेच्या मध्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शिवाय मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तो उगवतो आणि मावळतो उत्तरेकडे झुकून, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन काचेतून आत येते. जून-जुलैत ढग असतात म्हणून निभावते. एप्रिल-मे चा त्रास मात्र खरा. काचेबाहेर ३०० मिलिमीटरचे उभे पडदे बसवा. काचेवर काळी फिल्म लावली तर ज्यासाठी शेड घेतली तो उजेडच जातो.

काच बदलताना ६ मिलिमीटरची साधी काच नको. खाली माणसे बसणार आहेत, लॅमिनेटेड ६.३८ घ्या, फुटली तरी लोंबकळत राहते.

शिडी नं. २

आता आग. इथे थोडे कठोर लिहितो.

२८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ माणसे गेली, त्यातली बरीच स्वच्छतागृहात अडकून गुदमरली. त्या आगीत गिरणीची जुनी वीट किंवा बीड जळले नाही. जळले ते नंतर वर टाकलेले आच्छादन आणि सजावट. या धाग्यातले सगळे खांब-कैची-कमानी नीट करूनही शेवटी भाडेकरू वर बांबू, कापड आणि फोम आणणार असेल, तर इमारत वाचून माणूस जातो. भाडेकरारात सजावटीच्या साहित्याची यादी आणि ज्वलनशीलतेचे दाखले ही वेगळी अट म्हणून टाका. गच्चीवर आच्छादन नाही म्हणजे नाही.

बाहेर पडण्याचा हिशेब. बैठकीची जागा २०० चौरस मीटर, माणशी दीड चौरस मीटर धरले तर १३३ माणसे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार सपाटीवरच्या दाराला माणशी ६.५ मिलिमीटर, म्हणजे ८६५. जिन्याला माणशी १०. गणिताने एक मीटरचे एक दार पुरले, पण एक दार कधीच पुरत नाही, आग त्याच दारात लागू शकते. दोन दारे, एकमेकांपासून शक्य तितकी लांब, प्रत्येक एकटे सगळ्यांना पुरेल एवढे, बाहेरच्या बाजूला उघडणारे. जुन्या शेडना सहसा एकच मोठे सरकते दार असते. दुसरे दार जुन्या खिडकीच्या खालची भिंत उतरवून काढा, वरची कमान तशीच राहते, भिंतीची ताकद फारशी कमी होत नाही.

दार उघडून माणूस जातो कुठे हे बघा. गिरणीच्या आवारात दोन शेडमधली गल्ली तीन-चार मीटरची असते आणि तीत जनरेटर, एसीची बाहेरची यंत्रे, बिअरचे क्रेट. गल्लीच्या टोकाला बंब वळतो का?

स्प्रिंकलर करवतदाती छपरात चुकीचे लावतात. सगळे एका पातळीवर, पन्हळीच्या उंचीला. गरम हवा मात्र दात्याच्या शेंड्यात जाऊन बसते आणि स्प्रिंकलरच्या तोंडावरचा काचेचा फुगा फुटायला वेळ लागतो. प्रत्येक दात्याच्या शेंड्यालगत एक रांग हवी. दुकानाला एका स्प्रिंकलरमागे १२ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा धरू नका. काचेखाली नेहमीचा ६८ अंशांचा लाल फुगा उन्हातच ताणाखाली राहतो, तिथे ७९ किंवा ९३ चा लावा. पाण्याने भरलेली १०० मिलिमीटरची नळी मीटरला साधारण २१ किलो, हे वजन कैचीच्या सांध्यावर टांगा, मधल्या दांड्यावर नाही.

बिडाला आगीपासून वाचवायला उष्णतेने फुगणारा रंग चालतो, पण त्याची जाडी खांबाच्या धातूच्या जाडीवर ठरते. बीडकाम यांनी मोजलेले आकडे इथे लागतील.

वेल्डिंग-कटिंगच्या कामाला रोजचा परवाना, पाण्याची नळी हाताशी आणि काम संपल्यावर एक तास पहारा. कैचीच्या वर, कौलांच्या सांध्यात साठलेली कापसाची जुनी धूळ अजून निघते, ती ठिणगी धरून ठेवते. बांधकामाच्या काळात जुन्या इमारती जास्त जळतात.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचा ब नमुन्यातला दाखला लागतो. कागद भरून घेऊ नका, त्या दिवशी पंप चालवून शेवटच्या नळाचा दाब बघा.

गिरणगाव

तांत्रिक माहिती उत्तम. पण एवढी उस्तवारी मालक करतात ती जुन्या विटांच्या प्रेमाने नव्हे, हेही नोंदवायला हवे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम : गिरणी पाडून जमीन मोकळी केली की एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, साधारण एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी. पाडली नाही आणि आहे ते बांधकाम व्यापारी वापराला लावले की काहीच द्यायचे नाही. म्हणून आधी शेड टिकल्या. २००१ च्या दुरुस्तीने हिशेब मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता उरला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, मग पाडणेही परवडू लागले आणि टॉवर आले. १९८२ च्या संपातल्या अडीच लाख कामगारांपैकी कितींची घरे त्यातून झाली ते सोडून द्या.

टेकू

गिरणगाव, तुमची नोंद योग्य आहे आणि कामालाही लागते. आज तो विषय २०३४ च्या नियमावलीत ३५ व्या नियमाखाली आहे. दुरुस्तीच्या नावाखाली भिंत पूर्ण उतरवून पुन्हा बांधली तर ती 'आहे ते बांधकाम' राहते का, हा प्रश्न महापालिका विचारू शकते. म्हणून भिंत उतरवण्याआधी मोजणीचे नकाशे आणि छायाचित्रे परवानगीच्या फाइलीत जाऊ द्या. वारसा यादीत इमारत असेल तर वारसा संवर्धन समितीही.

तेलकट

फरशीबद्दल दोन ओळी. जमीन तेल प्यालेली असते. वर टाइल्सचा गोंद धरत नाही, वर्षभरात टाइल्स पोकळ वाजतात. धुऊन तेल निघत नाही, ते खोलवर गेलेले असते. एक तर वरचा ५० मिलिमीटर काढून टाका, नाहीतर मध्ये प्लास्टिकचा पडदा घालून वर ७५ मिलिमीटरचा जाळी घातलेला सुटा थर ओता, म्हणजे जुन्याला चिकटण्याची गरजच नाही. यंत्रांचे पाया-बोल्ट आणि भूमिगत खड्डे आधी शोधा. खड्डा भरताना डेब्रिज नको, हलके काँक्रीट.

पोटमाळा

स्वयंपाकघराचा धूर कुठे काढायचा यावर कोणी सांगेल का? नॉर्थ लाइटच्या काचेतून भोक पाडून नळ काढलेले सर्रास दिसतात.

शिडी नं. २

काचेतून मुळीच नाही. तेलकट वाफ पुढच्या दात्याच्या कौलांवर बसते, पन्हळीत उतरते, पन्हळीत तूप गोठल्यासारखा थर होतो आणि पहिल्या पावसात निचरा तुंबतो. स्वयंपाकघर कडेच्या भिंतीलाच ठेवा. १.६ मिलिमीटरच्या काळ्या स्टीलचा नळ, सांधे सलग वेल्ड केलेले (ही जागा बिडापासून दूर), वेग सेकंदाला ८ मीटरच्या आसपास, दर ३ मीटरला आणि प्रत्येक वळणावर साफसफाईचे झाकण. लाकडापासून निदान ४५० मिलिमीटर अंतर. भट्टीवर ओल्या रसायनाची अग्निशमन यंत्रणा, तीच गॅसची झडपही बंद करते.

आवारात जुने धुराडे असेल तर त्यातून नळ नेण्याची कल्पना कोणीतरी मांडतेच. नेऊ नका. वरच्या टोकाचा चुना जुन्या धुरातल्या गंधकाने आधीच भुसभुशीत असतो, त्यात तेलाची भर. धुराड्याला फक्त वीजवाहक, लोखंडी पट्ट्यांची तपासणी आणि वर झाकण.

पन्हळ

आणि पन्हळींची सफाई : मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा, जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर लगेच दुसऱ्यांदा. पहिली सर कौलांवरची वर्षभराची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि पिंपळाची पाने एकदम खाली आणते, त्यामुळे दुसरी सफाई पहिलीपेक्षा महत्त्वाची. पन्हळीत पिंपळाचे रोप दिसले तर उपटू नका, मूळ चुन्यात शिरलेले असते, ओढले की सांधा बरोबर येतो. बुंध्याशी कापा, कापलेल्या तोंडावर लगेच तणनाशक लावा आणि मूळ मेल्यावर सांधा भरा.